मास्तरांचा शेवटचा पापुद्रा

लॅबमध्ये तिला सगळे पापुद्रेताई म्हणायचे. नवीन माणसाला वाटायचं आडनावच असेल. आडनाव कसलं डोंबलाचं, कामावरून पडलेलं नाव ते. ऑपरेशनमध्ये माणसाच्या शरीरातून जो तुकडा काढतात तो मेणात बसवून त्याची वडी करतात, तिला ब्लॉक म्हणायचं. ब्लॉक यंत्राला लावायचा, बाजूचं चाक फिरवायचं आणि पात्यावरून असा पापुद्रा उतरवायचा की कांद्याची साल त्याच्यापुढे गोधडी वाटावी. मग तो कोमट पाण्यावर सोडायचा, सुरकुत्या मोडायच्या आणि काचपट्टीवर अलगद झेलायचा. सांगायला सोपं आहे. एक शिंक आली की सगळा पापुद्रा उडून कुणाच्या तरी बाहीला चिकटतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

ताईंना शिंकसुद्धा कामाचे तास चुकवून यायची, असं लॅबमधले गमतीनं म्हणत. एक सवय मात्र त्यांची ठरलेली. ब्लॉक बर्फावर गार केलेला असतो, म्हणून कापायच्या आधी त्यावर तोंडाची थोडी वाफ द्यायची. चष्मा पुसताना आपण काचेवर ‘हा’ करतो ना, तसं. मेण जरासं नरम पडतं आणि पापुद्रा न तुटता निघतो. हे पुस्तकात कुठे ठळक लिहिलेलं नसतं, पण कापणारा प्रत्येक जण करतो.

ताईंचा नवरा शिंपी. सगळं गाव त्यांना मास्तर म्हणायचं, म्हणून ताईही लोकांत मास्तरच म्हणायच्या; घरात ‘अहो’. मास्तर म्हणजे एक नंबरचे बोलघेवडे. गिऱ्हाइकाच्या छातीला टेप लावून सांगायचे, “आमच्या घरात दोघंही कापणारेच. फरक एवढाच, मी कापलेलं परत जोडून देतो.” गिऱ्हाईक हसायचं आणि घाबरायचंही. ताई घरी आल्या की रागवायच्या, “माझ्या कामाची अशी थट्टा करत जाऊ नका,” आणि ओट्याकडे तोंड करून हसायच्या.

त्यांना एकच मुलगी. ती दूरच्या शहरात एका मोठ्या हॉटेलात स्वयंपाकाचं शिक्षण घेत होती. बापलेकीचं गूळपीठ असं की फोन आईच्या नावानं यायचा आणि बोलायचे मास्तर. आईच्या वाट्याला शेवटी “बरी आहेस ना?” एवढंच उरायचं. ताईंना त्याचं वाईट वाटत नसे. घरात एकानं लाड करायचे असतात आणि एकानं शिस्त लावायची असते, तसं त्यांचं वाटून घेतलेलं होतं.

मग एक दिवस मास्तरांचे डोळे पिवळे दिसायला लागले. कावीळ असेल म्हणून साध्या डॉक्टरकडे गेले, तिथून मोठ्या डॉक्टरकडे, तिथून ताईंच्याच हॉस्पिटलात. स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. स्वादुपिंड हा अवयव भारी मुखदुर्बळ. पोटाच्या मागे लपून बसतो, काही म्हणून तक्रार करत नाही, आणि करतो तेव्हा बहुतेक वेळ निघून गेलेली असते. मास्तरांचं नशीब म्हणायचं की ऑपरेशन होण्यासारखं होतं. ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी विचारलं, तपासून उरलेला तुकडा लॅबच्या कामासाठी ठेवला तर चालेल का? मास्तर म्हणाले, “उरलेलं कापड ठेवून घ्यायची सवय आम्हा शिंप्यांची. आयुष्यभर लोकांचं ठेवलं, आता माझं कुणीतरी ठेवतंय. ठेवा.” आणि सही केली. भूल देणारा डॉक्टरसुद्धा हसला म्हणतात.

त्या लॅबमध्ये या आजाराची एक खास तपासणी व्हायची. गाठीच्या पेशींवर एक प्रथिन असतं, त्याचं काम दारासारखं. ते भरपूर असेल तर औषधाला पेशीच्या आत शिरायला वाट मिळते. नसेल तर औषध बाहेरच ताटकळतं. पापुद्र्यावर खास द्रावण घातलं की जिथे ते प्रथिन असेल तिथे तपकिरी रंग चढतो. रंग गडद तर आशा जास्त, फिका तर कमी. यावरून डॉक्टर औषध ठरवायचे आणि पेशंट पुढे किती तग धरेल याचा अंदाज बांधायचे.

आपल्या माणसाचा ब्लॉक आपण कापायचा नाही, असा लॅबचा दंडक. मास्तरांचा ब्लॉक दुसऱ्या मुलीनं कापला. ताई तो सगळा दिवस पलीकडच्या टेबलावर बसून काहीबाही पुसत राहिल्या. जीव टांगणीला लागलेला. संध्याकाळी लॅबच्या डॉक्टरबाईंनी त्यांना आत बोलावलं आणि स्वतःची खुर्ची दिली. ताईंनी मायक्रोस्कोपला डोळे लावले. इतका गडद, इतका एकसारखा तपकिरी रंग त्यांनी सगळ्या नोकरीत पाहिला नव्हता.

“रंग फार छान आलाय,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “पण ताई, एक लक्षात ठेवा. रंग शंभर माणसांबद्दल बोलतो, एका माणसाबद्दल बोलत नाही.”

ताईंनी पहिलं वाक्य ऐकलं. दुसरं कानावर पडलं, पण आत गेलं नाही. माणसाचे कान असेच असतात हो, सोयीचं तेवढं घेतात. आणि ही तर त्यातली जाणकार. दुसऱ्या कुणाच्या बायकोला डॉक्टरांच्या शब्दावर विसंबावं लागलं असतं. हिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. घरी पोचेपर्यंत तिला दम नव्हता. चपला काढायच्या आधीच म्हणाली, “अहो, रंग चांगला आलाय.”

मुलगी यायला निघाली होती. ताईंनी फोनवर सांगितलं, “शिक्षण अर्धवट टाकून यायचं काही कारण नाही. औषध लागू पडणार. मी बघितलंय ना.” मुलीनं दोनदा विचारलं, नक्की ना? ताई म्हणाल्या, नक्की.

आणि खरंच, सुरुवातीला मास्तर दुकानात जाऊन बसायला लागले. मग हळूहळू ते स्वतःच्या पँटी कमरेत मारून घ्यायला लागले. शिंपी माणूस, त्याला वजनकाटा कशाला लागतो? टेप कमरेला लावायचे, काही न बोलता मशीनवर बसायचे, शिवण घालायचे. पहिली शिवण उसवून आत दुसरी, दुसरी उसवून तिसरी. ताईंना दिसत होतं. पण त्यांच्या डोळ्यांसमोर तो तपकिरी रंग असा बसला होता की बाकी सगळं त्यांना औषधाचा त्रास वाटायचं. भूक नाही, औषधामुळे. पाठ दुखते, औषधामुळे.

एकदा पँट मांडीवर घेऊन मास्तर म्हणाले, “अगं, पोरीला बोलवून घेऊ या का?”

“आत्ता कशाला? तिची परीक्षा तोंडावर आलीय. होऊ दे ती, मग येईलच.”

“नाही, म्हटलं आपलं...”

“रंग तुम्ही पाहिलेला नाही. मी पाहिलाय.”

मास्तरांनी टेप गुंडाळली आणि खिशात ठेवली. पुन्हा काही विचारलं नाही. बायकोवर विश्वास ठेवला की बायकोची दया आली, हे आता कोण सांगणार. परीक्षा झाली आणि मुलगी यायच्या आदल्या दिवशी मास्तर गेले.

मुलगी दारात आली. हातात बॅग तशीच. आईकडे बघून एवढंच म्हणाली, “रंग चांगला होता ना, आई?”

भांडली असती, आकांडतांडव केलं असतं, तर ताईंना ते सोसवलं असतं. पण त्या एका वाक्यानंतर मुलगी काही बोललीच नाही. परत गेली, तिकडेच नोकरीला लागली. फोन करायची, नाही असं नाही. जेवलीस का, हो. तब्येत, ठीक. मास्तरांचं नाव दोघींपैकी कुणी काढत नसे. इतक्या वर्षांत तिनं घरी एक रात्रसुद्धा काढली नाही, आणि फोनवर ‘आई’ म्हणायचंही तिनं सोडून दिलं होतं. “हॅलो” म्हणायची आणि बोलायला लागायची.

आता तपासणीतली एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. प्रत्येक काचपट्टीवर पेशंटच्या पापुद्र्याशेजारी आणखी एक पापुद्रा लावतात, ज्यात रंग येतो हे आधीपासून माहीत आहे असा. लॅबमध्ये त्याला साक्षीदार म्हणत. साक्षीदाराला रंग चढला आणि पेशंटच्या तुकड्याला नाही चढला, तर पेशंटमध्ये ते प्रथिन खरंच नाही. साक्षीदारच फिका पडला तर तपासणी बिघडली, काही सांगता येत नाही. साक्षीदार खमका लागतो. आणि लॅबच्या कपाटात सगळ्यांत खमका ब्लॉक होता मास्तरांचा.

मास्तर गेल्यानंतर डॉक्टरबाईंनी चाचरत विचारलं होतं, तो साक्षीदार म्हणून वापरू का? ताई म्हणाल्या, “त्यांनीच ठेवा म्हणून सांगितलंय. मग कामाला येऊ दे.” आणि वर म्हणाल्या, “तो मी कापणार.” दंडक होता, पण डॉक्टरबाईंनी तो त्या दिवशी बाजूला ठेवला.

तेव्हापासून तपासणी असेल त्या दिवशी ताई मास्तरांचा ब्लॉक बर्फावरून उचलायच्या, जवळ घ्यायच्या, त्यावर वाफ द्यायच्या आणि एक पापुद्रा उतरवायच्या. लोक कुजबुजायचे, हिला करवतं तरी कसं? ज्याचं जळतं त्याला कळतं. घरात मास्तरांची टेप होती, मशीन होतं, पण ऊब दिल्यावर नरम पडावं असं एवढंच उरलं होतं. ब्लॉक तोंडाजवळ नेला की त्या हळूच दोन शब्द बोलूनही घ्यायच्या. पोरगी आता मोठ्या हॉटेलात आहे. पोरीनं घर बदललं. फोन आला होता, आवाज जरा बसल्यासारखा वाटला.

पण ब्लॉक काही अक्षयपात्र नव्हे. पापुद्र्यापापुद्र्यानं तो झिजत गेला आणि एक दिवस मेणातून खालचं, वडी ज्यावर बसवतात ते प्लास्टिक झळकायला लागलं. त्या दिवशी ताईंनी मुलीला फोन केला. जीभ रेटत नव्हती, तरी म्हणाल्या, “बाबांचा ब्लॉक संपत आलाय. तू कधी पाहिला नाहीस. एकदा येऊन बघतेस का?”

मग मुलगी म्हणाली, “बघू.”

बघू म्हणजे काय ते तुम्हाआम्हाला सांगायला नको. ताईंनाही कळलं. तरी आईची जात. त्यांनी तो ब्लॉक राखायला सुरुवात केली. मुलगी येईपर्यंत उरला पाहिजे. कपाटातून दुसराच एक ब्लॉक काढला, बरा होता, थोडा फिका, आणि साक्षीदार म्हणून तो वापरायला लागल्या. कुणाला बोलल्या नाहीत. सगळ्या नोकरीत जिनं एकही खोटं काम केलं नाही तिनं हे केलं. दोनतीन तपासण्या निभावल्याही, कारण त्या पेशंटांचे रंग ठसठशीत होते.

मग एका पेशंटची काचपट्टी आली. डॉक्टरबाईंनी ताईंना आत बोलावलं.

“ताई, पेशंटच्या तुकड्यात रंगच नाही. आणि साक्षीदारही असा मळकट. खरंच रंग नाही की आपली तपासणी चुकली? मी काय लिहू?” त्यांनी पुन्हा डोळे लावले आणि मान वर न करता म्हणाल्या, “हे मास्तर नाहीत.”

“नाहीत,” ताई म्हणाल्या.

“किती उरलेत?”

“एक पापुद्रा निघेल. सांभाळून कापला तर.”

डॉक्टरबाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, “नवीन साक्षीदार दुसऱ्या हॉस्पिटलातून यायचाय, त्याला वेळ आहे. आधीच्या तपासण्यांचं मी बघते. पण हा माणूस बाहेर थांबलाय, याचं औषध थांबलंय. दुसऱ्या कुणाला कापायला सांगू का?”

“नको. मीच कापते. उद्या सकाळी.”

बाहेर आल्या तर बाकावर एक बाई बसलेली. मांडीवर पुरुषाचा कोट, त्याच्या बाहीचं बटण चाळवत होती. ताईंच्या अंगावरचा पांढरा डगला बघून ती उठली आणि तिनं नवऱ्याचं, म्हणजे त्याच पेशंटचं, नाव सांगून विचारलं, “ताई, आमच्या रिपोर्टचं काय झालं?”

“उद्या होईल.”

“नाही, काय आहे, मुलगा आमचा परगावी असतो. रोज विचारतो, येऊ का, येऊ का. मी म्हणते, रिपोर्ट तर येऊ दे. चांगला आला तर त्याची धावपळ वाचेल.”

रिपोर्टबद्दल चकार शब्द बोलायचा नाही, ही लॅबची पहिली शिकवण, आणि ती त्यांनी नव्या मुलींना घोकून घोकून शिकवलेली. त्यांनी बाईला खाली बसवलं आणि स्वतः शेजारी बसल्या.

“रिपोर्टची वाट बघू नका. मुलाला आजच बोलवा.”

बाईचा चेहरा उतरला. “म्हणजे वाईट आहे का हो?”

“मला माहीत नाही. शपथेवर सांगते, अजून कुणालाच माहीत नाही. पण वाईट आला तरी बोलवा आणि चांगला आला तरी बोलवा.” त्यांनी घसरणारा कोट तिच्या मांडीवर सारखा केला. “चांगला आला तर आधी बोलवा. माणूस तिथेच फसतो.”

बाईला सगळं कळलं असेल असं नाही. पण तिनं तिथेच बसून मुलाला फोन लावला. ताई उठून गेल्या.

संध्याकाळी ताईंनी आपल्या मुलीला फोन केला. “उद्या सकाळी शेवटचा पापुद्रा कापतेय. थांबवता येत नाही, एका पेशंटसाठी हवाय.”

“मग मी काय करू?” मुलगी म्हणाली.

“काही नाही. सांगितलं आपलं.”

सकाळी ताईंनी बर्फ आणला, पातं बदललं, पाणी कोमट केलं. मग चहा केला. मग उगाच टेबल पुसलं. दाराकडे बघायचं नाही असं ठरवून प्रत्येक वेळी बघितलं. डॉक्टरबाई काचेपलीकडून दिसत होत्या, त्यांनी घाई केली नाही. शेवटी ताई स्वतःशीच म्हणाल्या, पुरे झालं, बाहेर माणूस थांबलाय.

ब्लॉक उचलला. अंगठ्याच्या नखाएवढं काहीतरी, मेणात फिकट ढगासारखं. तोंडाजवळ नेला आणि वाफ दिली. एरवी एकदा द्यायच्या, त्या दिवशी पुन्हा दिली. “अहो, पोरगी काही आली नाही,” त्या म्हणाल्या. “तुम्ही सांगत होता. मी ऐकलं नाही.” आणि चाक फिरवलं.

पापुद्रा निघाला. न तुटता, अख्खा. पाण्यावर पसरला, सुरकुती मोडली, आणि ताईंनी तो त्या अनोळखी माणसाच्या तुकड्याशेजारी काचेवर घेतला. यंत्रात नुसतं प्लास्टिक राहिलं. ते त्यांनी सोडवलं आणि डगल्याच्या खिशात टाकलं. मग बाथरूममध्ये जाऊन नळ मोठा सोडून रडल्या. लॅबमध्ये सगळ्यांना ऐकू गेलं आणि सगळे आपापल्या कामात मान घालून बसले.

दुपारनंतर रंग चढला. मास्तर पहिल्या दिवसाइतकेच गडद. शेजारचा तुकडा फिका, अगदी फिका. त्यात खरंच रंग नव्हता. रिपोर्ट गेला, डॉक्टरांनी त्या माणसासाठी दुसरं औषध निवडलं.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी लॅबच्या दारात मुलगी उभी. हातात बॅग तशीच. डोळे रात्रभर प्रवास केल्यासारखे.

“संपला ना?” तिनं विचारलं. “मला उशीर झाला.”

“ब्लॉक संपला,” ताई म्हणाल्या. “काच आहे. ये.”

डॉक्टरबाईंना अचानक चहाची आठवण झाली आणि त्या खुर्ची रिकामी करून बाहेर गेल्या. ताईंनी काच लावली, मुलीला बसवलं. मुलीनं डोळे लावले. ताई मागे उभ्या राहिल्या, हात कुठे ठेवावेत ते कळेना.

“हे बाबा?”

“हो.”

मुलगी खूप वेळ बघत राहिली. “एवढा गडद होता?”

“एवढा.”

“मला वाटलं, मी शिक्षण सोडू नये म्हणून तू थापा मारत होतीस.”

“नाही गं. खरंच असाच होता.”

तिनं काच जराशी सरकवली. “आणि हा फिका कुणाचा?”

“एका पेशंटचा. त्याच्यासाठीच कापला.”

“म्हणजे हा माणूस...”

“कुणास ठाऊक. बाबांचा तर गडद होता.”

मुलीनं डोळे तसेच ठेवून विचारलं, “त्याला मुलंबाळं आहेत?”

“एक मुलगा आहे. परगावी असतो.”

मुलीची मान ताठ झाली. “त्याला कळवलंय का कुणी?”

“आलाय तो,” ताई म्हणाल्या. “काल बघितलं मी. बापाचा हात धरून चालवत होता व्हरांड्यातून.”

मुलगी तशीच वाकून बसली होती. तिचे खांदे हलायला लागले. डोळ्यांचं पाणी आणि श्वासाची वाफ मिळून मायक्रोस्कोपची काच धुकट झाली असणार, कारण तिला आता काही दिसत नसावं, तरी ती तोंड बाजूला घेईना. ताईंनी खिशातून फडकं काढलं. त्याबरोबर ते रिकामं प्लास्टिकही हाताला लागलं.

“थांब, पुसून देते,” त्या म्हणाल्या.

“राहू दे, आई,” मुलगी म्हणाली. “मला अजून बघायचंय.”